छातीचं ऑपरेशन

(दृश्य: डोंबिवली. स्वयंपाकघराची भिंत. भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा.)

या रेघा मुलांच्या उंचीच्या नाहीत. ऑपरेशननंतर डावा हात वर जाईना. तेव्हा भिंतीवर बोटं चालवत न्यायची, जिथवर पोचतील तिथे रोज एक रेघ मारायची. सगळ्यात खालची ओट्याच्या जेमतेम वर आहे.

बाईंचं वय ४६. त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं त्यांच्या सासूबाईंनी आम्हाला बजावलंय. घरात लग्नाची मुलगी आहे.

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, आणि आपल्याकडे ‘टाटाला नेलंय’ म्हटलं की पुढचा शब्द कोणाला उच्चारावा लागत नाही. पंचाईत होते ती ‘कशाचा?’ असं विचारल्यावर. ‘स्तन’ हा शब्द पुस्तकातला. ‘ब्रेस्ट’ म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. मग उरते छाती.

घरी आल्या तेव्हा काखेखालून नळी आणि तिच्या टोकाला ड्रेनची बाटली. जाऊबाईंनी जुन्या साडीची, लांब बंदाची पिशवी शिवून दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘घरात कशाला गं पर्स अडकवलीस?’’ बाटलीतलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं. ते ३० मिलीच्या आसपास उतरेपर्यंत नळी निघत नाही. वहीत एका तारखेपुढे आकडाच नाही. त्या दिवशी नऊ जण भेटायला आले होते.

येणाऱ्यांच्या हातात शहाळं, तोंडात गोष्ट. ‘‘आमच्या वन्संच्या जावेलाही हेच...’’ आणि ती जाऊ आता नाही, हे वाक्याच्या मध्यावर आठवतं. कोणी गुळवेल आणतं. पुरुष मंडळी पंख्याशी बोलतात. बायकांची नजर खाली जाते, झटकन वर येते, मग डोळे भरतात. त्यांना पाणी आणून देणार कोण? ह्याच.

खरं सांगायचं तर आम्हालाही नजर कुठे ठेवावी कळेना. आमच्या कॅमेरामनने पहिला अर्धा तास भिंतच टिपली. रेघा दिसल्या त्या तशा.

(दृश्य: धीमी लोकल, लेडीज डबा.)

काखेतल्या ग्रंथी काढल्या की त्या हाताला सूज येण्याची भीती असते. जड पिशवी नको, बीपीचा पट्टा नको आणि धक्का तर नकोच. इथे तिघींच्या बाकावर चौथी बसतेच. म्हणून डावी बाजू खिडकीकडे हवी.

‘‘ताई, खिडकी द्याल? छातीचं ऑपरेशन झालंय.’’

‘‘अगंबाई, हार्टचं का?’’

‘‘हो.’’

हार्ट म्हटलं की अख्ख्या डब्याला माया फुटते. बायपास झालेले दीर, सासरे, मामा निघतात, आणि ते सगळे ठणठणीत असतात! चेकअपच्या आठ खेपा त्या हार्टच्या पेशंट म्हणून गेल्या. नवव्या खेपेला म्हणाल्या, ‘‘नाही, हार्टचं नाही. स्तनाचं. डावा काढलाय.’’ असं का, विचारलं तर म्हणतात, ‘‘कंटाळा आला होता.’’

खिडकी मिळाली. दिवा, मुंब्रा, कळवा... कोणी बोललं नाही. ठाण्याला गर्दी चढली. मुलुंड गेल्यावर शेजारणीने ओढणी सावरत तोंड जवळ आणलं.

‘‘गाठ दुखायची का हो?’’

‘‘छे, अजिबात नाही. म्हणून तर चार महिने अंगावर काढले.’’

शेजारणीला कांजूरला उतरायचं होतं. कांजूर आलं, गेलं. ती उठली नाही.