गाठ वाढतेय आणि माणूस बोलतोय

एमआरआयच्या स्क्रीनवर हा जो पांढरा डाग दिसतोय ना, ती मेंदूतली गाठ आहे, लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे हळूहळू वाढणारी. कुठे आहे बघा, डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, म्हणजे बोलण्याचं केंद्र जिथे असतं असं आपण शाळेपासून ऐकत आलोय तिथेच. आणि असे कितीतरी पेशंट मस्त गप्पा मारत असतात, एक दिवस फिट येते आणि तेव्हा कळतं की आत काहीतरी आहे.

हे केंद्र ठरलं १८६१ मध्ये. पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक पेशंट होता, त्याला 'टॅन' सोडून जवळपास काहीच बोलता यायचं नाही, तो गेल्यावर मेंदू तपासला तर हाच भाग खराब झालेला.

मग गाठवाल्याचं बोलणं शाबूत कसं? कारण वेळ मिळाला. स्ट्रोकमध्ये काही मिनिटांत रक्त बंद होतं, मेंदूला सावरायला उसंतच नाही. ही गाठ मात्र वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वाढते, अगदी गोगलगाय, तेवढ्यात मेंदू आपलं काम हळूहळू हलवत राहतो, आधी गाठीच्या कडेला, मग त्याच बाजूला जरा लांब, कधी चक्क पलीकडच्या अर्ध्या मेंदूत.

आता हलवलेलं सामान नेमकं कुठे ठेवलंय ते पुस्तकात सापडणार नाही, प्रत्येकाचं वेगळं. म्हणून पेशंटला ऑपरेशनमध्येच जागं करतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला दुखत नाही, भूल लागते ती कातडीला. चित्रं दाखवतात, तो नावं सांगत जातो, सर्जन मेंदूवर एकेका जागी हलकासा करंट देतात, त्याने ती जागा क्षणभर बंद पडते, आणि 'हे आहे...' म्हणून तो अडकला की तिथे नंबरची चिठ्ठी, हात नाही लावायचा.

आतल्या वायरिंगचं, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं, तसं नाही हं. वरचा थर जागा बदलतो, पण त्याला जोडणाऱ्या केबल तुटल्या तर त्यांना पर्याय फारसा नसतो, सर्जन खरे घाबरतात ते तिथे.

फ्रान्समधल्या माँपेलिएचे सर्जन ह्यूग द्युफो यांनी तर काही पेशंटना थोडी गाठ मुद्दाम ठेवून घरी पाठवलं. काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तोच करंट. मागच्या वेळी चिठ्ठी लावलेल्या जागेवर करंट दिला तरी काहीजण न अडखळता नावं सांगत राहिले, आणि मग तोही तुकडा काढता आला.