जोरपोखरीच्या काठावर

(दृश्य: बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. पहिला पाऊस. कातळावर साचलेलं डबकं.)

जूनचा पहिला पाऊस पडून गेलाय. डबक्याभोवती बेडकांनी नुसता गिल्ला मांडलाय. मुंबईकराला उभयचर म्हटलं की हाच आवाज आठवतो. पण बेडकांच्या नात्यातला एक अगदी शांत जीव आहे, आणि त्याच्या दारावरून आपल्यातले कितीतरी जण मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन येतात.

(दृश्य: डोंगरातला वळणांचा रस्ता, धुकं.)

दार्जिलिंगहून मिरिकला निघालं की सुखियापोखरीजवळ जोरपोखरी लागते. उंची सव्वादोन हजार मीटरच्या आसपास. नेपाळीत पोखरी म्हणजे तळं, तळ्यासाठीच्या आपल्या 'पोखरण' या शब्दाचंच भावंड. टूरची गाडी थांबते, चहा होतो, फोटो होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत, वळवाच्या सरी पडल्या की, हिमालयीन सॅलॅमँडर झाडीतून पाण्याकडे निघालेला असतो.

(दृश्य: ओलं शेवाळ. अगदी जवळून.)

जेमतेम वीतभर. अंग काळपट तपकिरी, दोन्ही कुशींवर गाठींची एकेक रांग. दिसायला पालीसारखा, पण पालीची चपळाई नाही. एक पाय नीट टेकल्यावरच दुसरा उचलतो. बेडकाची शेपटी लहानपणीच अंगात जिरून जाते, याची जन्मभर राहते. इथली माणसं त्याला 'पानी कुकुर' म्हणतात, पाण्यातलं कुत्रं. मादी एकेक अंडं पाणगवताला चिकटवते. पिल्लांच्या मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. पावसाळा सरला की मोठे सॅलॅमँडर पुन्हा उतारावर जातात. दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली थंडी काढतात.

आधी चीनच्या युनान प्रांतातल्या जातीतच याची गणना व्हायची. 2015 मध्ये ही जात वेगळी ठरली.

जोरपोखरीला 1985 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 0.04 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या शिवाजी पार्कच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत तळं वाचेल, पण या जिवाचं निम्मं आयुष्य तळ्याबाहेर जातं. काठ सिमेंटने बांधला की त्याला ना वर चढता येतं, ना पाण्यात उतरता येतं. शोभेचे मासे सोडले की ते अंडी आणि पिल्लं खातात. चहाच्या मळ्यावर फवारलेलं औषध पावसाबरोबर उतरतं ते याच पाण्यात. एवढं सगळं त्याच्या पातळ, ओल्या कातडीनं सोसायचं. आम्हाला यातली सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती बांधलेल्या काठाची, कारण तो बांधताना कुणाच्याच मनात वाईट नसतं.

(दृश्य: हिवाळा. कोरडा खळगा, कडेला झाडी.)

ही नामथिंग पोखरी, दार्जिलिंग जिल्ह्यातलंच याच सॅलॅमँडरचं आणखी एक तळं. हिवाळ्यात ती आटते. पाहणाऱ्याला वाटतं, पडीक जागा आहे, भराव टाकला तरी काय बिघडलं? पण आटणाऱ्या पाण्यात मोठे मासे टिकत नाहीत, आणि म्हणूनच ते पिल्लांना मानवतं. तळ्याचे धनी या घडीला वरच्या झाडीत आहेत, ओंडक्याखाली, एप्रिलच्या सरींची वाट बघत.