जुन्या मोटरसायकलचं वायरिंग नव्याने करताय? सुरुवात अर्थपासून करा

हेडलाइट पिवळट पडलाय. इंडिकेटर लावला की टेललाइटसुद्धा लुकलुकतो. हॉर्न दाबला की घोगरा आवाज येतो. पंचवीस-तीस वर्षं जुन्या गाडीत ही लक्षणं दिसली की लगेच सल्ला मिळतो, वायरिंग गेलं, नवीन टाका. नवीन वायरिंग कसं करायचं ते आज बघणारच आहोत, पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. करंट बॅटरीतून बल्बपर्यंत जातो आणि तिथून त्याला बॅटरीत परत यावं लागतं. जायच्या वाटेकडे सगळेच बघतात. जुन्या गाडीचं दुखणं बऱ्याचदा परतीच्या वाटेवर असतं.

ही परतीची वाट म्हणजे अर्थ, म्हणजे अर्थिंग. कितीतरी जुन्या गाड्यांत हेडलाइटला अर्थची वेगळी वायरच नसते. करंट हेडलाइटच्या डब्यातून फोर्कमध्ये येतो, फोर्कमधून हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांवाटे चासीत आणि चासीतून बॅटरीत. म्हणजे ग्रीस भरलेल्या, गंजलेल्या गोळ्यांमधून! त्यात चासीला हौसेने पावडर कोटिंग करून घेतलं असेल तर आणखी पंचाईत, कारण पावडर कोटिंगमधून करंट जातच नाही.

[क्लोज-अप: मल्टीमीटर]

म्हणून कटर हातात घ्यायच्या आधी मीटर घ्या. डीसी व्होल्टवर ठेवा आणि हेडलाइट चालू करा. एक प्रोब बॅटरीच्या अर्थच्या खांबावर, दुसरा बल्बच्या होल्डरच्या अर्थवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. मग तसंच दुसऱ्या बाजूला, बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून होल्डरच्या चालू टोकापर्यंत मोजा. हे लाइट चालू असतानाच करायचं. नुसती कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का हे मीटरच्या बीपवर बघून समाधान मानू नका. त्यात मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, त्यामुळे एकच तार शिल्लक राहिलेली वायरही बीप देते आणि आपण फसतो.

अर्ध्या ओहमच्या अडथळ्याने काय बिघडतं, असं वाटेल. हिशोब करू. ६० वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर ५ अँपियर घेतो. वाटेत अर्ध्या ओहमचा खराब जोड आला की तिथेच दोन व्होल्टच्या वर खर्ची पडतात. बल्बला जेमतेम दहा व्होल्ट मिळतात, आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो, तो जवळपास निम्म्यावर येतो. ६ व्होल्टच्या गाडीत तर तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे तोच जोड तिथे कितीतरी जास्त छळतो. ६ व्होल्टचा उजेड कमीच असतो म्हणून सोडून दिलेल्या गाड्या जोड साफ केल्यावर चांगल्या उजळतात.

एक सूचना. काही गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेट कॉइलच्या एसीवर चालतो. इंजिन बंद केलं की विझतो. तिथे मीटर एसीवर ठेवून आणि इंजिन चालू ठेवून मोजावं लागतं.

आता अर्थचे जोड पॉलिश पेपरने चकचकीत केले, घट्ट आवळले आणि आकडा खाली आला, वायरचं आवरणही अजून मऊ आहे, तर थांबा. नवीन हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा जुडगा, करू नका. चांगलं जुनं वायरिंग उगाच उपटणं मला मनापासून चुकीचं वाटतं. पण वायर वाकवल्यावर आवरण तडकत असेल, किंवा दोन-तीन सेंटीमीटर सोलूनही आतलं तांबं काळंच दिसत असेल, तर मात्र हार्नेस संपला.

बॅटरी काढताना अर्थचं टोक आधी सोडा. मग दुसरं टोक सोडताना पाना चासीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. अर्थचं टोक म्हणजे मायनस, असं धरून चालू नका. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थला असतो. कुठला खांब चासीला जोडलाय ते डोळ्यांनी बघा आणि लिहून ठेवा. उलटी जोडलेली बॅटरी रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, क्षणात जाळते.

जुना हार्नेस फेकू नका, तोच तुमचा नकाशा आहे. प्लायवूडवर पसरून जागोजागी खिळे ठोका आणि नवीन वायरी त्याच वाटेने ओढा. फक्त हँडलकडच्या फांद्या गाडीवरच मोजा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. तिथे वायर ताणली गेली तर कितीही चांगलं काम केलं तरी तुटणारच.

वायर बारीक तारांचीच हवी. घरच्या फिटिंगची एकेरी तारेची वायर थरथरीने तुटते. इंडिकेटर, टेललाइट, मीटरचे दिवे यांना ०.५ चौरस मिलिमीटर पुरते. हेडलाइटला १ ते १.५, आणि बॅटरीपासून फ्यूजमार्गे इग्निशन स्विचपर्यंतच्या मुख्य वायरला २ ते २.५ घ्या. सेल्फ स्टार्टरची जाड केबल वेगळी, ती यात धरू नका. रंग कंपनीच्या डायग्रामप्रमाणेच ठेवा. पुढे कधी रात्री रस्त्यात गाडी उघडावी लागली, तर डायग्राम आणि वायर यांचं जुळलं पाहिजे.

आणि अर्थ? प्रत्येक दिव्याला, हॉर्नला स्वतःची अर्थची वायर द्या. हेडलाइटला जेवढी जाड वायर जाते, तेवढीच जाड परत आणा. सगळ्या एका ठिकाणी गोळा करून तिथून जाड वायर बॅटरीच्या अर्थच्या खांबाला आणि एक इंजिनला. नव्या हार्नेसमधली ही सगळ्यात मोलाची भर आहे, आणि मूळ डायग्राममध्ये ती बहुधा सापडणार नाही.

[क्लोज-अप: क्रिम्प केलेला जोड]

जोड सोल्डर करावा की क्रिम्प, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवावं, यावर वाद होतात. माझं मत क्रिम्पच्या बाजूने आहे. सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर थरथरीने तुटते. पण क्रिम्प चांगल्या पक्कडने करा आणि जोरात ओढून बघा. सुटलं तर आत्ताच सुटू दे.

फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. तो बल्ब वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूजच्या आधीची जेवढी वायर उघडी, तेवढी बिनसंरक्षणाची.

हेडलाइट बॅटरीवर असेल तर रिले लावा, म्हणजे किरकोळ करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ कॉइलचे. हाय आणि लो दोन्हींना एकेक रिले लागेल. हँडलवरच्या जुन्या स्विचमधून मग फक्त कॉइलचा किरकोळ करंट जातो, आणि तसा स्विच पुन्हा मिळणं किती अवघड आहे हे जुनी गाडी ठेवणाऱ्यांना माहीत आहे.

मॅग्नेटो किंवा सीडीआयची (इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) गाडी असेल तर तिची किल वायर नीट ओळखा. ती अर्थला टेकवून इंजिन बंद होतं. तिच्यात चुकून बॅटरीचा करंट गेला तर इग्निशन कायमचं निकामी होऊ शकतं. त्या वायरला कनेक्टरही वेगळ्या प्रकारचा लावा, म्हणजे चुकीची जोडणी होणारच नाही.

सगळं जोडून झालं की बॅटरी थेट लावू नका. १२ व्होल्टची गाडी असेल तर अर्थच्या खांबाच्या आणि अर्थच्या वायरच्या मध्ये ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडा. ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ व्होल्टचाच. सगळे स्विच बंद असताना तो विझलेला हवा. पूर्ण तेजाने पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण करंट त्या बल्बने अडवलाय, वायर जळणार नाही. मग एकेक कनेक्टर सोडत जा. जो सोडल्यावर बल्ब विझेल, बिघाड त्या फांदीत.

तो विझलेला राहिला की बॅटरी नीट जोडा, इंजिन सुरू करा आणि रेस थोडी वाढवून बॅटरीवर मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर गेलं तर लगेच इंजिन बंद करून चार्जिंगचा रेग्युलेटर आणि त्याचा अर्थचा जोड तपासा. चार्जिंग ठीक असेल तर इंजिन चालू ठेवूनच हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दिवा लुकलुकला किंवा इंजिन अडखळलं, तर हँडलजवळची फांदी पुन्हा उघडा.