रिकाम्या तिजोरीचा खजिनदार

इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट. ओहोटी लागली की सेंट हेलियरच्या किनाऱ्यावरून एलिझाबेथ किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. भरती आली की वाट बुडते आणि किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी.

जॉर्ज कार्टरेट याच बेटाचा. कोवळ्या वयात समुद्रावर गेला. 1637 मध्ये मोरोक्कोच्या साले बंदरातल्या चाच्यांवर जी इंग्लिश मोहीम गेली, तिचा तो उपसेनानी होता. 1641 मध्ये नौदलाचे हिशेब तपासायचं काम त्याच्याकडे आलं.

मग इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात युद्ध पेटलं. आरमार संसदेकडे गेलं, कार्टरेट राजाकडे राहिला. 1643 मध्ये त्यानं जर्सी राजासाठी परत जिंकलं आणि बेटावरून संसदेची व्यापारी जहाजं लुटून बेटाचा खर्च भागवला. लंडन त्याला चाचा म्हणू लागलं. पळून आलेल्या युवराज चार्ल्सला त्यानं दोनदा आसरा दिला. 30 जानेवारी 1649 रोजी लंडनमध्ये राजाचा शिरच्छेद झाला. 17 फेब्रुवारीला सेंट हेलियरमध्ये कार्टरेटनं त्या युवराजाच्या नावानं द्वाही फिरवली: नवा राजा, दुसरा चार्ल्स.

1651 मध्ये संसदेचं आरमार आलं. किल्ल्यातल्या जुन्या चर्चमध्ये दारूगोळा आणि धान्य साठवलेलं होतं. उखळी तोफेचा गोळा छत फोडून नेमका तिथंच पडला. राजाकडून कुमक येणार नव्हती. डिसेंबरमध्ये किल्ला खाली करावा लागला.

1660 मध्ये दुसरा चार्ल्स परतून गादीवर बसला आणि कार्टरेट नौदलाचा खजिनदार झाला. हातून जाणाऱ्या प्रत्येक पौंडामागे 3 पेन्स त्याचे. पण पौंड होते कुठं? संसद पैसा मंजूर करी, तो वेळेवर येत नसे. डचांशी युद्ध सुरू झाल्यावर कार्टरेट स्वतःच्या नावावर सावकारांकडून कर्ज उचलू लागला. इतकं करूनही खलाशांचा पगार थकलाच. रोख पैशांऐवजी त्यांच्या हाती पगार नंतर देण्याच्या वचनाची चिठ्ठी पडे. घरी चूल पेटवायची म्हणून तीच चिठ्ठी खलाशी मिळेल त्या भावात विकून टाकत. माझ्या मते या साऱ्या कथेतलं खरं दुःख इथं आहे. राजनिष्ठेचं मोल कार्टरेटला मिळालं, पण त्याच राजासाठी लढलेला खलाशी उपाशी राहिला.

जून 1667. डच जहाजं इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरली. त्यांनी इंग्लिश युद्धनौका जाळल्या आणि आरमाराचा मान असलेलं 'रॉयल चार्ल्स' ओढून नेलं. डचांच्या जहाजांवरून इंग्रजी आवाज ऐकू येत होते. ते इंग्लिश खलाशीच होते: पूर्वी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशांसाठी लढतो! नौदल कचेरीतल्या सॅम्युअल पेप्सनं हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. लंडनमधल्या वॅपिंगच्या रस्त्यांवर खलाशांच्या बायका ओरडत होत्या, आमच्या नवऱ्यांचे पैसे दिले नाहीत, त्याचं हे फळ.

त्याच वर्षी कार्टरेटनं खजिनदारी सोडली. 1669 मध्ये हिशेबांवर ठपका ठेवून संसदेच्या कॉमन्स सभेनं त्याला सभागृहातून निलंबित केलं. ज्यानं स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, त्यालाच जाब विचारला गेला. संसदेनं आपल्या उशिराचाही हिशेब द्यायला हवा होता.

1664 मध्ये अमेरिकेतली मोठी जमीन त्याला आणि लॉर्ड बर्कली यांना मिळाली होती. तिला नाव पडलं न्यू जर्सी. तिथल्या एलिझाबेथटाउनला त्याच्या बायकोचं नाव. जानेवारी 1680 मध्ये कार्टरेट वारला. दोन वर्षांनी त्याच्या वाट्याची पूर्व जर्सी लिलावात निघाली आणि 3,400 पौंडांना विकली गेली.