मेल पोहोचते, मीटिंग अडते

(दृश्य: स्क्रीनवर कॅलेंडर. ३१ जानेवारीच्या चौकोनात एक मीटिंग.)

दर महिन्याच्या ३१ तारखेला मीटिंग, असं कुणीतरी आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-कॅलेंडर प्रोग्रॅममध्ये, ठरवून टाकलं. फेब्रुवारीला ३१ तारीख नसते. मग आउटलुक ती मीटिंग महिन्याच्या शेवटच्या दिवशी धरतं. आयकॅलेंडर या खुल्या मानकाचा नियम वेगळा आहे: जी तारीखच नाही, ती गाळायची. मेल-कॅलेंडर सांभाळणाऱ्या सर्व्हरने मीटिंगचा नियम तपशील न बघता जसाच्या तसा पुढे ढकलला, तर एकाच्या कॅलेंडरवर २८ फेब्रुवारीला मीटिंग दिसते आणि दुसऱ्याचा फेब्रुवारी रिकामा राहतो. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या नियमाने अचूक वागलेले असतात, आणि तरीही एक माणूस मीटिंगला येत नाही.

ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेला, मेल सर्व्हर आउटलुकशी जुळवणं म्हणजे मुख्यतः अशा गाठी सोडवणं. नुसत्या मेलचा प्रश्न केव्हाच सुटलाय. मेल पाठवण्याचा एसएमटीपी प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, १९८२ पासून आहे. सर्व्हरवरची मेल वाचण्यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आयमॅप आणला. आउटलुकला हे दोन्ही समजतात. ओपन सोर्स सर्व्हरांपैकी पोस्टफिक्स एसएमटीपी बोलतो आणि डव्हकॉट आयमॅप. पण लोकांना मेलबरोबर सामायिक कॅलेंडर हवं असतं, सहकारी कधी मोकळा आहे ते बघायचं असतं, साहेबांच्या वतीने आमंत्रण पाठवायचं असतं. कॅलेंडरसाठी २००७ पासून कॅलडॅव्ह हा खुला प्रोटोकॉल आहे. विंडोजवरच्या आउटलुकमध्ये तो मुळातून नाही.

(दृश्य: कोड एडिटर. आकड्यांच्या रांगा सावकाश वर सरकतात.)

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा मेल-कॅलेंडर सर्व्हर, एक्स्चेंज, १९९६ मध्ये आला. आउटलुक त्याच्याशी मॅपी या मायक्रोसॉफ्टच्याच पद्धतीने बोलतं. मॅपीच्या लेखी मेल, मीटिंग, संपर्क सगळं एकाच घडणीचं: गुणधर्मांचा गठ्ठा आणि प्रत्येक गुणधर्माला एक क्रमांक. पुन्हा पुन्हा होणाऱ्या मीटिंगचा नियम बायनरी स्वरूपात ठेवलेला, आणि त्यातल्या तारखा १ जानेवारी १६०१ पासूनच्या मिनिटांत मोजलेल्या. युनिक्सच्या जगात काळ १९७० पासून सेकंदांत मोजतात. हे गणित करता येतं. टाइम झोन जास्त छळतात. खुल्या जगात ‘युरोप/पॅरिस’ म्हणून ओळखला जाणारा झोन विंडोजमध्ये ‘रोमान्स स्टँडर्ड टाइम’ या नावाने येतो. युनिकोड कन्सोर्टियम अशा जोड्यांचा तक्ता सांभाळतं. या कामाला फारसं कुणी दाद देत नाही, पण जगभरातल्या कितीतरी मीटिंगा त्याच्यावर उभ्या आहेत.

मग करायचं काय? एक उपाय म्हणजे आउटलुकमध्येच प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, बसवायचं. कोलॅब या जर्मन प्रकल्पाने कॅलेंडरच्या नोंदी आयमॅपच्या फोल्डरमध्येच ठेवल्या, आणि आउटलुकला त्या दिसाव्यात म्हणून कनेक्टर नावाची स्वतंत्र प्लगइन लागली. कल्पना हुशारीची होती. पण प्लगइन प्रत्येक संगणकावर बसवावं लागतं आणि आउटलुकची आवृत्ती बदलली की पुन्हा तपासावं लागतं. माझ्या मते जुळवून घेण्याचं ओझं सर्व्हरने उचलावं, वापरणाऱ्याच्या गळ्यात घालू नये.

दुसरा उपाय अ‍ॅक्टिव्हसिंक: फोनसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या या प्रोटोकॉलने बरंच काही सोपं केलं. झेड-पुश हे त्याचं ओपन सोर्स रूप, पीएचपीत लिहिलेलं. फोनवर मेल, संपर्क, कॅलेंडर त्याने छान चालतं. मोठ्या ऑफिसातल्या सामायिक फोल्डरांना मात्र ते पुरत नाही.

राहिला सगळ्यात अवघड रस्ता: सर्व्हरलाच मॅपी शिकवणं. ओपनचेंज प्रकल्पाने ते अंगावर घेतलं. सुरुवातीला हाताशी कागदपत्रं नव्हती. नेटवर्कवरून जाणारा माहितीचा एकेक तुकडा, म्हणजे पॅकेट, बघायचा, उत्तर देऊन पाहायचं, आउटलुक कुठे थांबतं ते टिपायचं. विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या सांबा या ओपन सोर्स प्रकल्पाने फाइल सर्व्हरसाठी आधी हेच केलं होतं, आणि ओपनचेंज सांबाच्याच पायावर उभा होता.

(दृश्य: दस्तऐवजांची पानं, एकामागून एक.)

दार उघडलं ते कायद्याने. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी जुळवून घेता येईल अशी माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलची हजारो पानं सर्वांसाठी खुली केली, त्यात आउटलुक आणि एक्स्चेंजमधल्या संवादाचे नियमही होते. पुढे २०१४ मध्ये मॅपी सरळ एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलवरून, जाऊ लागला आणि मधला आरपीसी नावाचा किचकट थर गळाला. ओपनचेंज थांबला, पण आज ग्रोम्युनिओसारखा ओपन सोर्स सर्व्हर हाच प्रोटोकॉल बोलतो. आउटलुकला तो एक्स्चेंजसारखाच वाटतो. प्लगइन लागत नाही.

हे दोन दशकांचं काम आता नव्या वळणावर आलंय. विंडोजसाठीचं नवं आउटलुक ‘कॉम’ या जुन्या पद्धतीची प्लगइन चालवत नाही. त्यात आयमॅप खातं जोडलं, तर मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये समक्रमित होते. म्हणजे आपला सर्व्हर आपल्या ताब्यात ठेवला, तरी मेलची प्रत दुसरीकडे जातेच. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. जुन्या आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. मॅपीवर घेतलेली मेहनत तोवर तरी उपयोगी पडत राहील.