वाटप कुणाच्या हाती

(पडद्यावर : नाना पेठ. क्वार्टर गेटचा चौक, दुपारची रहदारी. सिटी चर्चचा दर्शनी भाग.)

1792 साल. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांची गादी. त्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, अंमलदार होते. चाकरी इथं, पण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ऐकायला जागा नाही. पेशव्यांनी जागा दिली आणि पुण्यातलं पहिलं चर्च उभं राहिलं. तेच हे सिटी चर्च. बाटवाबाटवीच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या पुणेकराला जरा गंमत वाटेल, पण या शहरात चर्च आलं ते फौजेतल्या माणसांची गरज होती म्हणून, आणि तेही पेशव्यांच्या हातून.

पुढं चर्चं वाढली. कॅम्पात सेंट मेरीज, गुरुवार पेठेत पंचहौदचं पवित्र नाम देवालय, 1885 चं, शेजारी वेगळा उभा असलेला उंच मनोरा. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातली बडी मंडळी चहाला गेली. चहा घेतला म्हणून गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. तो किस्सा पुणेकर अजून चवीनं सांगतात. मिशनमध्ये चहाखेरीज काय चालायचं, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपण तेच विचारणार आहोत. पाळक, फादर, सिस्टर, वडीलमंडळ, कमिट्या, इमारती, हा सगळा पसारा नेमका कशासाठी?

(पडद्यावर : रविवारची उपासना. अर्पणाची थैली रांगेतून पुढं सरकते.)

मंडळीतल्या, म्हणजे एका चर्चच्या समुदायातल्या, माणसाला विचारलंत तर उत्तर ठरलेलं : देवाची सेवा. पण रविवारच्या सूचना नीट ऐका. सभासद-वर्गणी बाकी, छताचं काम, वाढदिवस, कमिटीची निवडणूक. मिशनरी गेले, त्यांनी मागं जमिनी आणि बंगले ठेवले, आणि कित्येक ठिकाणी मंडळीची निम्मी ताकद त्या मालमत्तेच्या कज्ज्यात खर्ची पडते. दुसरीकडं हॉल भाड्यानं घेऊन चालणाऱ्या नव्या मंडळ्या. तिथं स्टेज, दिवे, कीबोर्ड, आणि ‘माझी मिनिस्ट्री’ हा शब्द ‘माझं दुकान’ म्हणावं इतक्या सहज येतो. दोन्हीकडं भली माणसं आहेत. दोन्हीकडं सेवा करणारा एक आणि बघणारे शंभर, हा हिशोबही सारखाच आहे.

आता बायबलच्या जुन्या पानांकडं वळू.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमची मंडळी नवीकोरी, आणि भांडण सुरू. कशावरून? जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जातात, अशी कुरबूर उठली. प्रेषितांनी मंडळीला सांगितलं, तुमच्यातूनच सात माणसं निवडा आणि हे काम त्यांच्यावर सोपवा. त्या सातांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. ज्या गोटातून तक्रार आली, वाढायचा डाव बहुधा त्याच गोटाच्या हाती दिला. आजच्या कमिटीत असं घडेल? तक्रार करणाऱ्याला आधी ‘फूट पाडतो’ म्हणतील.

प्रेषित पौलही इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, हेच सांगतो. पाळक आणि शिक्षक दिले ते कशाला? तर विश्वासणाऱ्यांना सेवेच्या कामासाठी तयार करायला. म्हणजे सेवा करायची मंडळीनं. पाळकानं तिला त्या कामाला लावायचं. आपण मात्र पाळकसाहेबांना पगार देऊन सगळी सेवा त्यांच्या गळ्यात घालतो आणि वर त्यांनाच नावं ठेवतो.

(पडद्यावर : पुणे–दौंड मार्गावरची गाडी. केडगाव स्टेशन.)

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की साधारण साठ किलोमीटरवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथंच. इथवरचा त्यांचा रस्ता पंचहौदवरूनच जातो. इंग्लंडमधल्या वॉन्टेजच्या ज्या सिस्टर्स पंचहौदला काम करत, त्यांच्याच मदतीनं रमाबाई 1883 साली तिकडं गेल्या. तिथं त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेण्यात आलं. समाजानं टाकलेल्या, ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथं एक घर होतं. अशा बायकांना कुणी मायेनं वागवतं, हेच रमाबाईंना नवल वाटलं. आपल्याकडं त्यांच्या वाट्याला काय येतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनी त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची, म्हणजे यहुदी ज्यांना हलकं मानत त्या जमातीतल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. रमाबाईंनी स्वतः हे पुढं लिहून ठेवलं आहे. सिद्धान्तांवर त्या मिशनऱ्यांशी आयुष्यभर वाद घालत राहिल्या, कुणाच्या ताब्यात राहिल्या नाहीत. पण फुलहॅमचं ते घर मनात राहिलं.

1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. मग 1896–97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. अंधांसाठी वेगळी सोय, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन.

इथवर ही दयेची गोष्ट झाली. दया पुष्कळांनी केली. केडगावचं वेगळेपण छापखान्यात दिसतं.

(पडद्यावर : जुळाऱ्याची पेटी. खिळ्यांचे खण, जवळून. एक हात उलटे टाइप उचलून ओळीत लावतो.)

शिशाचे खिळे. देवनागरीचे, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळे वेगवेगळे. अक्षर उलटं वाचायचं, ओळ उलटी जुळवायची. हे काम केडगावात बायका शिकल्या : विधवा, दुष्काळातून आलेल्या, आल्या तेव्हा ज्यांच्यातल्या बहुतेकींना सुलटं अक्षरही ओळखता येत नव्हतं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवत राहिल्या, आणि त्याचे खिळे त्याच साध्या बायकांनी जुळवले. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून बाहेर आला. ज्या बायकांना वाढायचं, त्यांच्याच हाती डाव आला होता.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं नाव इथं घ्यायलाच हवं. त्यांचं कार्यक्षेत्र अहमदनगर, पण पुण्यातल्या मराठी उपासनेत त्यांची पदं आजही पेटी-तबल्यावर घुमतात. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला मानणारा कुणीही यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. मिशनमधल्या पुष्कळांना हे पचलं नाही, आणि ते स्वाभाविक आहे : ज्याची नोंद रजिस्टरात नाही, तो मोजायचा कसा? पण असं बघायला गेलं तर जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती काही झाले नाहीत. त्या शाळेची सेवा वाया गेली म्हणायची का?

(पडद्यावर : भवानी पेठेच्या बाजूची एक मंडळी. उपासना संपली आहे.)

शेवटच्या बाकावर एक मावशी वही उघडून बसल्यात. शाळेची दोनशे पानी वही, मुखपृष्ठाला खाकी कागद. आज कोण आलं नाही, ते त्या लिहितात. नावापुढं कारण : गुडघा, सुनेचं बाळंतपण, ‘रागावलेत’, ‘दारू परत सुरू’. कमिटीच्या रजिस्टरात यातलं काही नाही. आठवड्याभरात या घरांत कोण जाणार, तेही मावशीच ठरवतात, आणि महिला मंडळातल्या चौघीजणी निमूट जातात. पाळकसाहेब हसून म्हणतात, ‘मलाही यादी त्याच देतात.’

पुण्यात सेमिनऱ्या मोठ्या. रामवाडीला पेपल सेमिनरी, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. देशभरातून मुलं-मुली धर्मशास्त्र शिकायला येतात. असाच शिकणारा एक ब्रदर आज मावशींपुढं उभा आहे. नागालँडचा, मराठी मोडकी. बगलेत बायबल.

मावशी वहीतून पत्ता काढून देतात. ‘कासेवाडीत जायचं. आजी एकट्या असतात. गेल्या गेल्या बायबल उघडू नका, ब्रदर. आधी गॅसचा नंबर लावून द्या, त्यांना फोनवरचं जमत नाही.’

‘आणि प्रार्थना?’

‘त्या म्हणतील तेव्हा. आणि एकटे जाऊ नका, समोरचा तो नितीन रिकामा फिरतो, त्याला बरोबर न्या. पुढच्या वेळी त्यालाच पाठवणार आहे मी.’