पाठमोऱ्या गुप्तहेराला बक्षीस कोण देणार?

(नागपुरात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आमचा रविवारचा कट्टा ट्रॅफिक पार्कजवळच्या एका टपरीवर भरतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, इंजिनिअरिंगची दोन पोट्टी, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक मॅडम, मी, आणि तर्री-पोह्याच्या वासानं येऊन बसणारे आणखी तीन-चार जण. विषय टीव्हीवरच्या गुप्तहेरांचा. भांडणही दर रविवारी तेच, कोणाला बक्षीस मिळालं आणि कोणाला मिळायला हवं होतं.

सगळ्यात मोठं भांडण 'द अमेरिकन्स'वरून झालं. 2013 ते 2018, सहा सीझन, 75 भाग. सोव्हिएत गुप्तहेर असलेले नवरा-बायको वॉशिंग्टनच्या उपनगरात ट्रॅव्हल एजन्सी चालवतात, मुलांना शाळेत पाठवतात आणि समोरच्या घरात राहायला येतो एफबीआयचा माणूस. लेखकाचं नाव जो वाइसबर्ग. तो स्वतः पूर्वी सीआयएत होता, त्यामुळे प्रत्येक संहिता आधी सीआयएकडे तपासायला जायची. आपल्याकडे नाटकवाले सेन्सॉरला कंटाळतात, यांचं बघा!

2018 साली या मालिकेला दोन मोठ्या एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाल्या. एक शेवटच्या भागाच्या लेखनासाठी वाइसबर्ग आणि जोएल फील्ड्सना, दुसरी नवऱ्याचं काम करणाऱ्या मॅथ्यू रीसला. बायकोचं काम करणाऱ्या केरी रसेलला तीन वर्षं नामांकन मिळालं, बक्षीस एकदाही नाही. त्यावरून आमचे बँकवाले काका अजून तणतणतात, ''काहून जी सर, तिले काहून नाही भेटलं?''

माझं उत्तर त्या शेवटच्या भागातच आहे. त्यात दोन प्रसंग आहेत. पहिला पार्किंगमधला. तो एफबीआयवाला शेजारी, स्टॅन, पिस्तूल रोखून उभा, समोर नवरा, बायको, मुलगी. दहाएक मिनिटं नुसतं बोलणं. नवरा आधी खोटं बोलून पाहतो, मग हळूहळू एकेक कवच उतरवत जातो. तूच माझा एकमेव मित्र होतास, असं सांगतो तेव्हा ते खरं असतं आणि हत्यारही असतं. रीसनं हे असं केलंय की पाहणाऱ्याचा घसा कोरडा पडतो.

दुसरा प्रसंग आगगाडीतला. नवरा-बायको पळून चाललेत, दोघंही वेश बदलून वेगवेगळ्या जागी बसलेत. कॅनडाच्या सीमेवर पासपोर्ट तपासून होतात, गाडी सुटते, आणि आईला खिडकीतून दिसतं की मुलगी खाली उतरून फलाटावर उभी आहे. आता विचार करा. तिला ओरडता येत नाही, उठता येत नाही, त्या वेशात नीट रडताही येत नाही. चेहऱ्यावर जे काही होतं ते विगच्या आणि चष्म्याच्या आत होतं. संवाद नाही.

म्हणून मी म्हणतो, गुप्तहेराचं काम लपवण्याचं आणि बक्षीस मिळतं दिसलेल्याला. एमीला नामांकित नट आपला एकच भाग मतदारांपुढे ठेवतो. सहा वर्षं साठवलेलं मौन एका भागात कसं दाखवणार? याच्या उलट 'होमलँड', तीही सीआयएवरची मालिका. 2012 साली सर्वोत्तम मालिका, क्लेअर डेन्स आणि डेमियन लुइस दोघांनाही एमी, पुढच्या वर्षी डेन्सला पुन्हा. तिची हनुवटी थरथरायला लागली की पोट्टी मोबाइलवर तिचे मीम पाठवायची. काम उत्तमच होतं, पण ते लांबून दिसणारं होतं.

मॅडमनी याला पुरावा म्हणून 'किलिंग ईव्ह' ही हेर आणि मारेकरणीची मालिका आणली. 2019 साली एमीनं मारेकरीण झालेल्या जोडी कोमरला बक्षीस दिलं. दर भागात नवा पोशाख, नवी बोली. ठीकच आहे. बाफ्टानं, म्हणजे ब्रिटनमधल्या पुरस्कारांनी, त्याच वर्षी कोमरला दिलंच, पण फिओना शॉलाही दिलं. फिओना म्हणजे एमआय 6 या ब्रिटिश गुप्तचर संस्थेतली ती बाई, जिच्या भुवईवरून काहीच कळत नाही. एमीत तिचं फक्त नामांकन झालं. फरक कुठे आहे? एमीला हजारो मतदार आपापल्या घरी पाहून मत देतात. बाफ्टाच्या टीव्ही पुरस्कारांत ज्युरी एकत्र बसून वाद घालते. वाद घालायला कोणी असलं की शांत माणसाची बाजू घेणाराही एखादा निघतो. अ‍ॅलेक गिनेसनं टीव्हीवर केलेला ब्रिटिश गुप्तहेर स्मायली आठवा, 1979 मधला. नुसता बसून ऐकणारा म्हातारा, आणि बाफ्टा त्याला.

आपल्याकडेही तेच. 'द फॅमिली मॅन'मधल्या श्रीकांत तिवारी या गुप्तहेरासाठी मनोज बाजपेयींना फिल्मफेअर ओटीटीत 2020 आणि 2021, दोन्ही वेळा समीक्षकांच्या गटातला पुरस्कार. मुख्य बक्षीस एकदा 'पाताल लोक'मधल्या पोलिसाला, एकदा 'स्कॅम 1992'मधल्या शेअर दलालाला. आमच्या पोट्ट्यांना मात्र श्रीकांत तिवारी आठवतो तो आयटी कंपनीत तरुण साहेबाला चोपताना. म्हणजे हेरगिरी सोडलेली असताना! आणि त्याचा जोडीदार तळपदे, त्याला कुणी काही दिलं का, हा आमच्या टपरीवरचा मराठी प्रश्न.

सिद्धांताला भोकंही आहेत, लपवत नाही. 'स्लो हॉर्सेस' या ब्रिटिश हेरांच्या मालिकेतला गॅरी ओल्डमन कळकट, फाटक्या मोज्यांचा, दर मिनिटाला दिसणारा. तरी एमी मिळाली 2024 साली लेखनाला आणि 2025 साली दिग्दर्शनाला. त्याला नाही. आणि जुन्या 'मिशन: इम्पॉसिबल' मालिकेत हेर झालेल्या बार्बरा बेनला 1967 पासून ओळीनं तीन एमी! काका हे नाव काढतात तेव्हा मी चहा मागवतो.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते एका जुन्या चुकीमुळे. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका एकांकिका स्पर्धेला परीक्षक होतो. एका मुलीची भूमिका अशी होती की नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तिला कळलीय आणि घरात पाहुणे आहेत म्हणून ती दाबायची आहे. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एक सदरा तिनं तीनदा उलगडला, तीनदा घातला. मी तिला शंभरात अठ्ठावन्न दिले आणि पुढच्या एकांकिकेत छाती पिटून रडणाऱ्या मुलीला एक्क्याऐंशी. रात्री घरी बायको धुतलेले कपडे आवरत होती, तेव्हा मला तो सदरा दिसला. निकाल लागून गेला होता.

ती मुलगी आता आमच्या कट्ट्यावर येते. या भाषणाची तयारी करताना गेल्या रविवारी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. म्हटलं, बाई गं, मला तुझं मौन ऐकू आलं नाही. तिनं पोह्यावर तर्री ओतून घेतली, लिंबू पिळलं आणि म्हणाली, ''सर, त्यात काही नाही. तुम्ही डावीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत होते ना, तिथून मी पाठमोरी होती. मधल्या सरांनी मला पंच्याऐंशी दिले होते.''

काका तेव्हापासून विचारताहेत की माझा सिद्धांत खुर्चीचा आहे की मौनाचा. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं आहेत, काका दुसऱ्या रांगेतच बसलेत. माइक आधी त्यांच्याकडे द्या.